सांगलीत घरच्या घरी दुर्बिणीचा आरसा: काच, घासणं, पिच आणि मोजमाप

प्रश्न थोडक्यात असा आहे: सांगलीत राहत्या घरी दुर्बिणीसाठी ८ इंची, एफ/५ चा (नाभीय अंतर व्यासाच्या पाचपट) आरसा घासायचा आहे. टीपॉयची १२ मिमी जाड गोल काच आयती मिळते आहे. ती चालेल का, कोणती पावडर किती लागेल, आणि तयार झालेला आरसा बरोबर आहे की नाही हे घरात कसं कळणार?

ती काच चालणार नाही, आणि पहिलाच आरसा ८ इंची एफ/५ करू नका. ६ इंची एफ/८ करा. म्हणजे व्यास १५० मिमी, नाभीय अंतर १२०० मिमी, वक्रता त्रिज्या २४०० मिमी. याच्या मध्यभागी खोली येते १.१७ मिमी आणि काच काढायची सुमारे १० घन सेंमी. ८ इंची एफ/५ ला खोली २.५ मिमी आणि काढायची काच ३९ घन सेंमी, जवळपास चौपट. पण खरा फरक श्रमाचा नाही, आकाराचा आहे. काचेवर काच घासली की आपोआप गोलाचा तुकडा तयार होतो. दुर्बिणीला पॅराबोला (अन्वस्त) हवा. ६ इंची एफ/८ मध्ये गोल आणि त्याला सगळ्यात जवळचा पॅराबोला यांत जेमतेम ७२ नॅनोमीटरचं अंतर असतं. ८ इंची एफ/५ मध्ये तेच अंतर ३९० नॅनोमीटर. पहिल्यात गोल तसाच ठेवला तरी लहरीतली चूक पाव तरंगलांबीच्या आसपास राहते आणि गुरूचे पट्टे, शनीचं कडं नीट दिसतात. दुसऱ्यात दीड तरंगलांबीजवळ चूक जाते. तो आरसा नुसता गोल ठेवला तर भिंतीवर टांगण्याच्या लायकीचा.

आता काच. टीपॉयची काच बहुतेक वेळा टफन केलेली असते. तिच्या अंगात मुद्दाम ताण भरलेला असतो. पृष्ठभाग घासून पातळ होऊ लागला की ती एका क्षणात चुरा होते, हातांसकट. ओळखायची युक्ती सोपी आहे. कॉम्प्युटरच्या एलसीडी पडद्यावर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल डोळ्यांसमोर फिरवत पडदा काळा होईल तिथे थांबा, आणि मध्ये काच धरा. पडदा काळाच राहिला तर काच शांत आहे. ढगांसारखे उजळ पट्टे किंवा ठिपके उमटले तर ती परत करा. कडेला जराशी उजळ झाक दिसली तर तेवढी चालते.

दुसरी अडचण जाडीची. २०० मिमी व्यासाला १२ मिमी म्हणजे जाडी व्यासाच्या सतराव्या हिश्शाएवढी. घासताना हाताच्या दाबाने अशी काच वाकते आणि दाब सुटला की सरळ होते, आणि त्यातून जो दोष बसतो तो अॅस्टिग्मॅटिझम, म्हणजे तारा ठिपक्याऐवजी लांबट दिसणं. तो नंतर पॉलिशने निघत नाही. १५० मिमीला १९ मिमी जाड साधी फ्लोट काच पुरेशी आहे, २५ मिमी मिळाली तर उत्तम. बोरोसिलिकेट मिळाली तर अर्थात चांगलंच, कारण उष्णतेने ती साध्या काचेच्या सुमारे एक तृतीयांशच प्रसरण पावते. पण पहिल्या आरशासाठी तिच्या मागे लागून सहा महिने घालवू नका. काचवाला गोल कापून देताना वर-खालच्या दोन्ही कडांवर ४५ अंशांत २–३ मिमीची उतरती धार मारून घ्या, नाहीतर ओल्या कार्बोरंडमच्या (सिलिकॉन कार्बाइडच्या) दगडाने स्वतः मारा. घासताना ही धार झिजत जाते. ती १ मिमीच्या खाली गेली की पुन्हा मारायची, कारण तीक्ष्ण कडेची एकच ढलपी आरशाच्या पूर्ण पृष्ठभागावर ओरखडे ओढून जाते.

खालचं टूल, म्हणजे ज्या चकतीवर आरसा घासायचा ती, काचेचं नको, खर्च वाचवा. मिरजेत दवाखाने इतके आहेत की दातांच्या साहित्याच्या दुकानात डेंटल स्टोन सहज मिळतो. साध्या प्लास्टर ऑफ पॅरिसपेक्षा तो कठीण आणि दाट बसतो. आरशावर पातळ प्लास्टिक अंथरा, भोवती जाड कागदाची कड गुंडाळा आणि २५ मिमी जाडीची चकती ओता. सुकायला आठवडा द्या, मग इपॉक्सीचा हात देऊन पाण्यापासून बंद करा. वर व्हिट्रिफाइड टाइलचे २० मिमीचे चौकोन इपॉक्सीने चिकटवा, मध्ये ३–४ मिमी फट ठेवून. एक गोष्ट न विसरता: टूलचा मध्यबिंदू कुठल्याही चौकोनाच्या मध्यावर किंवा फटींच्या फुलीवर येता कामा नये. थोडं सरकवून लावा, नाहीतर आरशात वर्तुळाकार लाटा उठतात.

पावडरी: कार्बोरंडम ८० नंबर ५०० ग्रॅम, १२० आणि २२० प्रत्येकी १०० ग्रॅम, ३२० ची ६० ग्रॅम, ६०० ची ५० ग्रॅम, त्यानंतर अॅल्युमिनियम ऑक्साइड १२ आणि ५ मायक्रॉन प्रत्येकी २५ ग्रॅम, पॉलिशला सेरियम ऑक्साइड १०० ग्रॅम. गॅरेजवाले वाल्व घासायला जी पेस्ट वापरतात ती घेऊ नका. ती तेलात कालवलेली असते आणि कण एकसारखे नसतात.

उभं राहून भोवती फिरता येईल असं काहीतरी हवं. पाण्याने भरलेला पत्र्याचा बॅरल सगळ्यात चांगला, कारण तो हलत नाही. वर प्लायवूड, त्यावर तीन ठोकळ्यांत टूल. टूलवर अर्धा चमचा ८० नंबर आणि पाण्याचे चार फवारे टाका, आरसा वर. सुरुवातीला आरशाचा मध्य टूलच्या कडेकडे सरकवून जीवेसारखे आडवे फटके मारा, दर पाच-सहा फटक्यांनी आरसा थोडा फिरवा, स्वतः एक पाऊल सरका. कर्रकर्र आवाज मंदावला की पावडर संपली. पुसून नवी टाका. वरचा आरसा मध्यभागी खोल होतो आणि खालचं टूल फुगतं. या आख्ख्या कामाचा पाया हाच आहे, आणि पुढचे सगळे इलाज याच नियमावर चालतात.

खोली मोजायला स्टीलची पट्टी आरशावर आडवी ठेवून मध्याखाली ड्रिल बिटची मागची दांडी सरकवा. १.१ मिमीची दांडी जेमतेम जाऊ लागली की ८० नंबर पुरे, उरलेली खोली पुढच्या पावडरी आपसूक करतात. पडताळा टॉर्चने घ्या: आरसा पाण्याने ओला करून उभा ठेवा, टॉर्च डोळ्याजवळ धरून मागे जा. टॉर्च उजवीकडे हलवल्यावर प्रतिबिंबही उजवीकडे गेलं तर तुम्ही वक्रता केंद्राच्या आत आहात, उलटं गेलं तर बाहेर. मधली जागा २४०० मिमीला पाहिजे. ४०–५० मिमी इकडेतिकडे झालं तर काही बिघडत नाही, नळी तेवढी कमी-जास्त करायची.

आता आडवे फटके बंद. मध्यावरून मध्यावर, व्यासाच्या एक तृतीयांश लांबीचे, हलक्या डब्ल्यूच्या आकाराचे फटके. प्रत्येक पावडरीला तासभर ते दीड तास. पुढच्या नंबरला जाण्याआधी दोन परीक्षा. एक, दहा पटीच्या भिंगातून मध्य आणि कड दोन्हीकडचे खड्डे सारखेच बारीक दिसतात का. कडेला जुने मोठे खड्डे उरतात आणि तिथेच माणूस घाई करतो. दोन, टूलवर पेन्सिलीने फुल्या मारून सुका आरसा हलकेच चार-पाच वेळा फिरवा. फुल्या सगळीकडे सारख्या पुसल्या गेल्या तर दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर बसले. फक्त मध्यावर पुसल्या तर अजून कडेला पोकळी आहे.

नंबर बदलताना सगळं धुवा: बॅरल, हात, नखं, फवाऱ्याची बाटली. खालचा कागद आणि अंगावरचा शर्ट बदला. धुण्याचं पाणी मोरीत सोडू नका, बादलीत खाली बसू द्या. १२ आणि ५ मायक्रॉनला एक वेगळा धोका असतो. पाणी कमी झालं की आरसा आणि टूल एकमेकांना चिकटून बसतात. जोर लावून उपटू नका. कोमट पाण्यात बुडवून ठेवा आणि लाकडी ठोकळा टेकवून बाजूने हळूच ठोका.

पॉलिशला टूलवर पिचचा, म्हणजे दाबाने हळूहळू आकार घेणाऱ्या राळेसारख्या पदार्थाचा, थर लागतो. असा थर दिलेलं टूल म्हणजे लॅप. ऑप्टिकल पिच मागवता आली तर मागवा. घरी करायची तर रोझिन म्हणून मिळणारी राळ इलेक्ट्रिक शेगडीवर मंद आचेवर वितळवा आणि एरंडेल चमचा-चमचा घालत मऊ करा. गॅसच्या ज्योतीवर हे करू नका, वाफ पेट घेते. दर चमच्यानंतर एक थेंब खोलीच्या तापमानाच्या पाण्यात सोडून पाच मिनिटांनी नखाने दाबा. दहा सेकंदांच्या बेताच्या दाबाने स्पष्ट खूण उमटली पाहिजे. तडकली तर कडक, लगेच खोल रुतली तर फार मऊ. कापडातून गाळून कोमट टूलवर ५–६ मिमी थर ओता, सेरियमच्या पाण्याने ओला केलेला आरसा वर दाबून आकार द्या. मग ओल्या पात्याने २०–२५ मिमीचे चौकोन पाडा, पुन्हा मध्यबिंदू चुकवूनच. शेवटी मच्छरदाणीचा तुकडा मध्ये घालून आरसा दाबला की बारीक नक्षी उठते आणि पॉलिश लवकर पकडतं.

सांगलीत पिचचं गणित ऋतूवर बदलतं. एप्रिल-मेमध्ये खोलीतच ३६–३७ अंश झालं की पिच वाहते, फटी तासाभरात बुजतात आणि बुजलेल्या लॅपवर आरशाची कड हमखास पडते, म्हणजे बाकीच्या पृष्ठभागापेक्षा खाली उतरते. तेव्हा कडक पिच घ्या आणि पहाटे काम करा. नोव्हेंबर ते मार्च गाळप हंगाम. उसाचं पाचट पेटवल्यावर जी काळी राख घराघरांत उडते तिच्यात वाळूचे कणही येतात. त्या दिवसांत खिडक्या बंद आणि लॅप प्लास्टिकखाली झाकलेला. माझ्या मते पॉलिश आणि शेवटच्या आकारासाठी सगळ्यात चांगले महिने जुलै-ऑगस्ट. आभाळ तसंही बंद असतं, धूळ बसलेली असते आणि दिवसरात्रीच्या तापमानात फरक फार थोडा.

सेरियम एक भाग, पाणी चार-पाच भाग. सुरू करण्यापूर्वी दरवेळी आरसा लॅपवर ठेवून चार-पाच किलो वजनाखाली वीस मिनिटं दाबा. एक तृतीयांश लांबीचे तेच फटके. अर्ध्या तासात काच सगळीकडे चकाकायला लागली पाहिजे. नुसता मध्यच चकाकला तर लॅप कडेला टेकत नाही, आणखी दाबा. पूर्ण पॉलिशला सहा ते दहा तास धरा. पॉलिश झालं की नाही हे डोळ्यांनी ठरवू नका. अंधारात लेझर पॉइंटरचा ठिपका कडेजवळ पाडा, तुमच्या डोळ्यांकडे परत येणार नाही असा तिरका. पृष्ठभागावर ठिपका धूसर दिसतो तोवर खड्डे शिल्लक आहेत.

मोजमाप हा तुमच्या प्रश्नाचा तिसरा भाग, आणि बहुतेक घरगुती आरसे इथेच फसतात. काच वाईट घासल्यामुळे नव्हे, तर गरम काच मोजल्यामुळे.

फ्रेंच शास्त्रज्ञ फुकोने १८५८ च्या सुमारास दिलेली पात्याची परीक्षा आजही पुरते. मुलामा न दिलेली काच चार टक्के प्रकाश परत पाठवते, तेवढा खूप झाला. आरसा स्टँडवर उभा ठेवा, खाली दोन खुंट्यांवर टेकलेला, कुठेही आवळलेला नाही. २४०० मिमीवर एका सरकपट्टीवर एलईडी बसवा, तिच्यासमोर दोन ब्लेडांच्या धारांमधली केसाएवढी उभी चीर, आणि शेजारीच तिसरं ब्लेड पातं म्हणून. उजेड आणि पातं एकाच पट्टीवर, एकत्र हलणारी. पुढे-मागे सरकवायला एम६ चा बोल्ट चालतो. एका फेऱ्याला १ मिमी. कुपवाडच्या एमआयडीसीत कुणा टर्नरकडून जुना डायल गेज मिळाला तर ०.०१ मिमी थेट वाचता येतं.

पात्यामागून आरसा उजळ चकतीसारखा दिसतो. पातं आत सरकवताना सावली पात्याच्याच बाजूने आली तर पातं केंद्राच्या आत, समोरच्या बाजूने आली तर बाहेर. बरोबर केंद्रावर गोल आरसा एकदम, सगळीकडे सारखा करडा होतो. पॅराबोला असेल तर मधोमध खळगा आणि भोवती फुगीर कडं असल्याचा भास होतो. कडेकडे मुद्दाम पाहा: दोन्ही बाजूंना प्रकाशाची बारीक रेघ दिसली तर कड शाबूत. एका बाजूची रेघ नाहीशी आणि दुसरीकडची जाड, म्हणजे कड पडली.

आकडे काढायला जाड कागदाचा मुखवटा कापा. मध्यापासून २०, ४५, ६० आणि ७० मिमीवर डाव्या-उजव्या खिडक्यांच्या चार जोड्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही खिडक्या एकाच वेळी सारख्या करड्या होतील ती जागा वाचायची. उजेड आणि पातं एकत्र हलत असेल तर पॅराबोलाचं वाचन मध्याच्या केंद्रापासून त्रिज्येचा वर्ग भागिले दुप्पट वक्रता त्रिज्या इतकं असतं. २४०० ला ते येतं ०.०८, ०.४२, ०.७५ आणि १.०२ मिमी. मध्याचं केंद्र थेट वाचता येत नसल्याने फरकच पाहायचे: पहिल्या खिडकीच्या तुलनेत ०.३४, ०.६७, ०.९४. सगळे फरक शून्य आले तर तो गोल आहे. शेवटचा फरक १.२ किंवा १.३ आला तर पॅराबोलाच्या पलीकडे, हायपरबोलाकडे गेलात. ७० मिमीच्या खिडकीत ०.१८ पर्यंत चूक चालते, ४५ ला ०.२९ पर्यंत, २० ला ०.६५ सुद्धा. मध्यातली वाचनं अस्थिर येतात म्हणून लोक हैराण होतात. तिथे हैराण व्हायचं कारण नाही.

आता उष्णता. १९ मिमी साध्या काचेच्या पुढच्या आणि मागच्या अंगात अंशाचा फक्त दहावा भाग फरक असेल तर मध्याची खोली सुमारे १३० नॅनोमीटरने बदलते आणि वक्रता केंद्र पाव मिलिमीटरहून जास्त सरकतं. कडेच्या खिडकीला मिळणाऱ्या सवलतीपेक्षा हे जास्त झालं. पॉलिश करताना हातांची ऊब काचेत गेलेली असते, पाण्याने धुतलं की वेगळाच ताण. म्हणून पॉलिशनंतर निदान तासभर, शक्यतो दोन तास, आरसा स्टँडवर उभा सोडा. पंखा बंद, समोरच्या वाटेत कागदी पुठ्ठ्याचा बोगदा. तुमच्या अंगाची ऊबही त्या वाटेत जाता कामा नये. करडेपणा पाण्यासारखा वाहताना दिसला तर ती हवा आहे, काच नाही. चार खिडक्या आतून बाहेर वाचा, लगेच बाहेरून आत वाचा. पहिल्या खिडकीचं सुरुवातीचं आणि शेवटचं वाचन ०.०५ हून जास्त वेगळं आलं तर सगळे आकडे खोडा आणि चहा घेऊन या. शेवटी आरसा जागेवर ९० अंश फिरवून पुन्हा एकदा. दोष काचेबरोबर फिरला तर काचेत आहे, जागेवरच राहिला तर स्टँडमध्ये.

दुरुस्त्या. गोलाचा पॅराबोला करायला आरसा वर ठेवून फटका लांब करा, व्यासाच्या दोन तृतीयांश ते पाऊण, रुंद डब्ल्यूच्या आकाराचा, आणि एका वेळी फक्त पाच मिनिटं. ७२ नॅनोमीटर फार लवकर निघतात. पंधरा मिनिटं सलग केली तर पलीकडे निघून जाता. तसं झालं तर पाव ते एक तृतीयांश लांबीच्या फटक्यांवर परत या, गोल हळूहळू परत येतो.

पडलेली कड जास्त चिवट. कारणं साधारण तीन: पिच मऊ, फटका लांब, आणि बोटांचा दाब मध्याऐवजी कडेवर. कडक लॅप आणि आखूड फटक्यांनी दोन-तीन तासांत फरक दिसला पाहिजे. तीन मिमीहून रुंद पडली असेल तर पॉलिशने तिच्या मागे लागू नका, १२ मायक्रॉनला परत जा. पण शेवटचे दोनच मिमी पडले असतील तर सरळ काळ्या कागदाचं कडं लावून ते झाका. १५० चा १४६ झाला तर प्रकाश पाच टक्के कमी होतो आणि चित्र एकदम स्वच्छ होतं. अभिमान आड येऊ देऊ नका.

आकाशात ताऱ्यावर पडताळताना पुस्तकं ध्रुवतारा घ्या म्हणतात, कारण तो हलत नाही. सांगलीत तो क्षितिजावर जेमतेम १७ अंश आहे. इतक्या खाली हवा जाड, आणि हिवाळ्यात कृष्णेकाठचं धुकं त्यात भर. डोक्याजवळचा दुसऱ्या-तिसऱ्या प्रतीचा तारा घ्या, हाताने सरकवत राहा. ६ मिमीच्या आयपीसने (डोळ्याजवळच्या भिंगाने) २०० पट मोठं करून फोकसच्या आत आणि बाहेर सारखंच सरका. दोन्हीकडची वर्तुळं सारखी हवीत. आतल्या बाजूला बाहेरचं कडं ठळक आणि बाहेरच्या बाजूला पुसट असेल तर पॅराबोला कमी पडला. आतल्या बाजूला भोवती धूसर केस फुटल्यासारखे दिसले तर कड पडलेली. हे करण्याआधी नळी तासभर गच्चीवर उघड्यावर ठेवा.

मुलामा घरात द्यायचा प्रयत्न टाळा. सिल्व्हर नायट्रेट आणि अमोनियाचं द्रावण उरलं आणि तसंच ठेवलं तर त्यात स्फोटक साका तयार होतो, आणि चांदीचा थर दमट हवेत काही महिन्यांत काळवंडतो. निर्वात कक्षात अॅल्युमिनियमचा मुलामा करून घ्या. तो ८८–९० टक्के प्रकाश परत देतो, वर सिलिकॉन मोनॉक्साइडचं आवरण मागा. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात हौशी लोकांसाठी दुर्बीण बनवण्याच्या कार्यशाळा होत आलेल्या आहेत, सध्या मुलामा कुठे देतात याची चौकशी तिथे करता येईल. पाठवताना पॉलिश केलेल्या चेहऱ्यावर काहीही टेकवू नका: फक्त कडेला आधार देणारी लाकडी खाचेची पेटी करा, मागच्या बाजूला व्यास आणि वक्रता त्रिज्या लिहा. मुलामा होऊन आलेला आरसा खिडकीत उघडा ठेवू नका. ऊन पडलं तर १२०० मिमीवर पडदा पेटवायला त्याला मिनिटही लागत नाही.